खालचा रंग

नानांनी रंगाचा डबा उघडला आणि तिथेच घात झाला.

भांडण तसं नेहमीचंच होतं. रोपवाटिका बंद करून ती जागा गाड्या धुणाऱ्या एका माणसाला भाड्याने द्यायची, असं नानांनी ठरवलं. शेजारच्या वेल्डरला सांगितलं, साडूला सांगितलं, फोनवर मुलीलाही सांगितलं. ज्या बाईने त्या रोपवाटिकेत आयुष्यभर माती कालवली तिला, म्हणजे नानांच्या बायकोला, ते वेल्डरच्या बायकोकडून कळलं. तिचा आवाज चढला, मग नानांचा चढला. शेवटी "तुला काय कळतंय त्यातलं" असं म्हणून नाना तावातावाने मागच्या शेडमध्ये गेले आणि सवयीने डबा उघडून बसले.

सवय अशी, की या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. म्हणजे नानांच्या बाजूने नव्हती. शेडमध्ये एक जुना, बुटका ट्रॅक्टर होता. बागेत चालवायचा, कुंड्यांची ट्रॉली ओढायचा, स्टुलावर बसल्यासारखं बसून हाकायचा. नाना चुकले की तो ट्रॅक्टर रंगवायचे. बायको काय ते समजून घ्यायची, चहा आणून ठेवायची, विषय मिटायचा. नेमकं काय चुकलं हे बोलायची पाळीच यायची नाही. लोक म्हणायचे, नाना त्या ट्रॅक्टरला काय जपतात! जपतात कसले. असल्या जपण्याच्या एक थोबाडीत द्यावी.

या वेळी चहा आला नाही. बायको चपला घालूनच शेडच्या दारात उभी राहिली.

"वरून फासू नका," ती म्हणाली. "पार पत्र्यापर्यंत खरवडा. मी लग्न होऊन आले तेव्हा हा ज्या रंगाचा होता, तो रंग द्या याला. मग येते मी."

"येते म्हणजे? चाललीस कुठे?"

"बहिणीकडे."

ती गेली. नानांना आधी हायसं वाटलं. एवढंच ना? रंगकाम तर आपल्या हातचं. मग ब्रश डब्यात बुडवता बुडवता त्यांचा हात थांबला. ती आली तेव्हा ट्रॅक्टर कुठल्या रंगाचा होता?

त्यांनी मुलीला फोन लावला.

"पिवळा," मुलगी म्हणाली. "शाळेतून आले की मी त्यावरच बसायचे ना."

"अगं, तुझ्या जन्माच्या आधीचं विचारतोय."

"मग मला काय विचारता, बाबा? आईला विचारा."

"तिला कसं विचारू?"

"तोंडाने," असं म्हणून मुलीने फोन ठेवला.

वेल्डर छाती ठोकून म्हणाला, "लाल! बॉनेट मीच जोडलंय. खाली लालभडक होतं."

"ते बॉनेट भंगारातून आणलेलं रे. दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रॅक्टरचं."

"मग बॉनेट लाल होतं. ट्रॅक्टरचं मला नाही माहीत."

नाना वैतागले. माणसं खोटं बोलतील, पत्रा कशाला खोटं बोलेल? त्यांनी रंग काढायचं रसायन आणलं, नाकाला फडकं बांधलं आणि ब्रशने सगळ्या ट्रॅक्टरला ते चोपडलं. थोड्या वेळात रंगाला फोड आले. मग लोखंडी पट्टी घेऊन त्यांनी खरवडायला सुरुवात केली. मडगार्डवर एका जागी वलयं उमटली. वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली कसला तरी विटका तपकिरी. बॉनेटवर वेगळीच वलयं. चाकांच्या रिमवर आणखी वेगळी. नाना एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. तपकिरी हाच पहिला म्हणावा, तर त्याखाली राखाडी. राखाडी म्हणजे रंग, की नुसता प्रायमर? अजून खाली जाऊन बघू, असं म्हणत ते खरवडत सुटले. वायर ब्रश झाला, पॉलिश पेपर झाला. इतक्या वर्षांत जी मेहनत घ्यायला हवी होती ती सगळी एका दुपारी घ्यायची, हा पुरुषांचा जुनाच रोग आहे.

अंधारून आलं तेव्हा ट्रॅक्टर नागडा झाला होता. बादलीत सगळे रंग एकमेकांत मिसळून शेणासारखा लगदा झाला होता. कुठल्या तरी कोपऱ्यात नमुन्यापुरता रंग ठेवायला हवा होता, हे नानांच्या डोक्यात आलं. पण तोवर कोपराच उरला नव्हता.

सकाळी पत्र्यावर तांबूस झाक आली होती. हवेत ओल होती. नाना धावत रंगाच्या दुकानात गेले.

"कुठला देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"जुना."

"जुना नाही विकत हो मी. सगळे नवे आहेत."

"म्हणजे आधी होता तो."

"आधी कुठला होता?"

"तेच तर कळत नाहीये!"

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. "नाना, प्रायमर न्या. त्यावर कुठलाही रंग बसतो. पण आजच मारा. उघडा पत्रा कुणाची वाट बघत नाही."

प्रायमरचा डबा हातात धरून नाना निघाले ते घराकडे. पाय मात्र साडूच्या गल्लीत शिरले. आपण इथे कसे आलो, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

दार मेहुणीने उघडलं. "या भाऊजी. मला वाटलं, रंग वाळायची वाट बघताय."

बायको गॅलरीत बहिणीच्या कुंड्या बदलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "झाला का?"

"नाही." नानांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मला तो रंग आठवत नाही."

ती मुळांना चिकटलेली माती झटकत राहिली. "निळा होता बहुतेक."

"निळा नव्हता."

"कशावरून?"

"निळा मी दिला..." नाना अडखळले.

"कधी?"

"तुझी आई आजारी होती तेव्हा. तू राहायला जाते म्हणालीस. मी म्हटलं, इथल्या रोपांना पाणी कोण घालणार. आणि मग त्या..."

"आई गेली," बायको म्हणाली. "आई गेली आणि तुम्ही निळा रंग दिलात. मी चहा आणून ठेवला."

मेहुणी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थिजली. आई तिचीही होती. नानांना एकदम वाटलं, हिला इतक्या वर्षांत हे माहीत होतं का? आणि आपल्याला तरी माहीत होतं का? हात रंगवत होता तेव्हा डोकं कुठे होतं?

"पिवळा?" बायकोने विचारलं.

"पोरीला मारलं होतं मी. निकालावरून."

"हिरवा?"

"ते लिंबाचं झाड. तू लावलेलं. ट्रॉली वळायला जागा नाही म्हणून मी तोडलं."

"फळावर होतं."

"हो."

"आणि सगळ्यात खाली?"

"तेच कळत नाहीये ना!" नाना कावले. "बॉनेटखाली एक, मडगार्डखाली दुसराच. आणि मी सगळंच खरवडून टाकलं. आता विचारतो, सांगून टाक. कुठला होता?"

बायकोने प्रथमच मान वर केली. "मलाही नाही आठवत."

"अगं, मग मला एवढं राबवलंस कशाला?"

"मला वाटलं, तुमच्या लक्षात असेल."

 ती रागाने म्हणाली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं. ती रागावलेली दिसत नव्हती. थकलेली दिसत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"पत्रा तसाच उघडा ठेवून आलात?" तिने विचारलं.

"हो. तांबूस पडायला लागलाय."

तिने हात धुतले. मेहुणी तिच्या दंडाला धरून म्हणाली, "ताई, जाऊ नकोस हं. डबा घेऊन आला की तू विरघळतेस."

"विरघळत नाही. बघून येते."

वाटेत ती पुढे, नाना मागे.  बघून येते म्हणजे बघून परत बहिणीकडे येते, की काय? नाना चालता चालता त्या दोन शब्दांचा कीस पाडत राहिले.

शेडमध्ये तिने मडगार्डवर बोट फिरवून गंज बघितला. "हे पुन्हा घासायला लागणार," असं म्हणून तिने पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि खाली बसली. नाना बॉनेटला भिडले.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. गाड्या धुणारा माणूस हातात टेप घेऊन उभा होता. "नाना, जागेचं माप घेऊ ना?"

'घ्या' हा शब्द नानांच्या ओठांवर तयारच होता. तो आयुष्यभर तसाच तयार असायचा. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती घासत होती. तिने वर बघितलं नाही, खोकली नाही, काही नाही.

"थांबा जरा," नाना म्हणाले. "हिला विचारायचंय."

"अजून विचारलं नाहीत?" माणूस चकित झाला. "मी तर पाइपवाल्याला सांगून ठेवलंय!"

"नाही विचारलं." नाना बायकोकडे वळले. तोंडात दुसऱ्याचीच जीभ बसवल्यासारखं त्यांना झालं. "काय सांगू यांना?"

"मला विचारताय?"

"हो."

"मग नाही सांगा."

"म्हणजे आत्तापुरतं नाही, की..."

"नाही म्हणजे नाही. रोपवाटिका मी चालवते."

नाना फाटकाकडे गेले. तो माणूस बराच वेळ हातवारे करत राहिला. पाइपवाल्याला काय तोंड दाखवू म्हणाला, शब्दाला किंमत आहे की नाही म्हणाला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि "चुकलं माझं, आधी घरात विचारायला हवं होतं" असं म्हणून फाटक लावलं. 'चुकलं माझं' हे आपण कुणाला म्हणालो, याचा घोळ त्यांच्या डोक्यात परत येईपर्यंत चालू होता. ज्याला म्हणायचं त्याला म्हणालो नाही, एवढं तरी नक्की होतं.

ते बायकोसमोर उभे राहिले. तिच्या हातांना गंज लागला होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. मग घाईघाईने, "निळ्याचंसुद्धा. सगळ्याच रंगांचं."

तिचा हात थांबला. परत चालू झाला.

"तू राहणार आहेस ना?"

 पॉलिश पेपरचा दुसरा तुकडा फाडून तिने त्यांच्यापुढे धरला.

"मडगार्डच्या आतल्या बाजूला तुमचा हात पोचलेला दिसत नाही," ती म्हणाली. "तिथे जुने रंग अजून तसेच आहेत सगळे."

हे 'हो' होतं की 'नाही', नानांना काही उमगेना. त्यांनी तुकडा घेतला आणि गुडघे टेकून मडगार्डच्या आत डोकं घातलं.