उकंडरावांचा पाव दात

उकंडरावांचा दात पक्का बसला आणि त्याच महिन्यात ते सरकारदफ्तरी नाहीसे झाले. पण हे अजून झालेलंच नाही असं आपण धरून चालू. कारण या घटकेला ते बुलढाण्यात डॉक्टर लक्ष्मीकांतांच्या खुर्चीत आ वासून बसले आहेत, दोन्ही गालांत कापसाचे बोळे आहेत, आणि त्यांचं कोणीही काहीही वाकडं केलेलं नाही.

"आता बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "गिळायचंही नाही. थुंकी लागली की सगळं फुकट."

डॉक्टर कलकत्त्याला दातांचं शिकून आले होते. जिल्ह्यात त्यांच्याइतकं दातांमधलं कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी जात नसे. चिनी मातीचा दात बसवायची ही त्यांची पहिलीच वेळ. उकंडरावांचा वरचा, पुढचा, अर्धा तुटलेला दात त्यांनी पायाने चालवायच्या यंत्रावर घासून त्याची बारीक खुंटी केली होती, मेणात तिचा ठसा घेऊन मुंबईला धाडला होता, आणि तीन आठवड्यांनी टपालाने एक पांढरी टोपी आली होती. ती आता खुंटीवर चिकटवायची होती. सिमेंट कालवायची जाड काच त्यांनी सकाळपासून रांजणाला टेकवून गार केली होती. काच गरम असली की सिमेंट तोंडात जायच्या आत काचेवरच दगड होतं.

"सिमेट म्हंजे पुलाले लावतात थेच का?" दाराशी बसलेल्या सत्यभामाबाईंनी, म्हणजे उकंडरावांच्या पत्नीने, विचारलं.

"त्याच्याशी लांबचं नातं आहे," डॉक्टर पूड कालवत म्हणाले.

"मंग पक्कं होईन."

मग बाईंच्या लक्षात आलं, की बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला मधेच 'तसं नाई ते' म्हणता येणार नाही अशी ही पहिलीच दहा मिनिटं आहेत. त्यांनी ती वाया घालवली नाहीत.

"डाक्टरसाहेब, हा दात म्याच तोडला."

डॉक्टर टोपीत सिमेंट भरू लागले; कान मात्र दाराकडे.

"आमचं लगन देऊळघाटले झालं. आमच्यात असं असते, नवरीनं खोबऱ्याचा तुकडा दातात धराचा अन् नवरदेवानं दातानंच तोडून घ्याचा. माही मामी कानात सांगे, सत्यभामे, सोडजो नोको, आज सोडलं तं जलमभर सोडत राहशीन. म्या सोडलं नाई. यायनं वढलं. टुक आवाज झाला. खोबरं माह्याच तोंडात राह्यलं."

"आणि दाताचा तुकडा?"

"मांडवात पडला. अक्षता जवारीच्या, तुकडाबी जवारीएवढाच. साऱ्या वऱ्हाडानं पाह्यला, नाई सापडला. तवापासून हे हासले का मले चोरावानी होये. म्हनून म्हनलं, रिटायर व्हाच्या आंधी बसवून घ्या."

उकंडरावांनी घशातून 'तसं नाई ते' अशा वळणाचा आवाज काढला. तेवढ्यात डॉक्टरांनी टोपी खुंटीवर बसवून अंगठ्याने दाबली, आणि तो मुद्दा कायमचा आत राहिला.

उकंडराव कचेरीत खुणांचे कारकून होते. सरकारी माणसाच्या नोकरीच्या बुकात त्याच्या अंगावरची एक खूण लिहिलेली असे. दर एप्रिलात पेन्शनीतली मंडळी ओळीने येत, आपापला तीळ, व्रण, आखूड करंगळी दाखवत, आणि उकंडराव भिंग लावून बघत व 'खूण पडताळली' असं लिहीत. माणूस ओळखीचा असला तरी ते ओळख देत नसत. निवृत्त जमादार पंजाबराव एकदा नवसाची दाढी वाढवून आला. त्याच्या बुकात हनुवटीवरचा व्रण होता. उकंडरावांनी त्याला कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या न्हाव्याकडे धाडलं आणि देवापेक्षा बुक मोठं, हे जागेवर सिद्ध केलं.

निवृत्तीला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांचं स्वतःचं बुक त्यांच्याच टेबलावर आलं. त्यावर 'खूण पडताळली' झाल्याशिवाय पुढचे कागद हलणार नव्हते. त्यांनी पान उघडलं. *खूण : वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला.* दुसऱ्यांसाठी ठेवलेला आरसा खणातून काढून ते बराच वेळ स्वतःकडे बघत बसले. मग टाक बुडवून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खूण आढळली नाही', आणि शिपायाला सांगून पुढचा माणूस आत बोलावला.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "अहो, सात वर्षं मी तुम्हाला रोज पाहतोय."

"मले पाह्यता साहेब. खूण कुठी पाह्यता?"

"बरं, मी सही करतो. मग तर झालं?"

उकंडराव डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. "पंजाबरावची दाढी म्या उतरवली, साहेब. नवसाची होती."

साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. त्यांनी बुक मिटून परत केलं.

बातमी लागताच पंजाबराव सकाळच्या मोटारीने आला. येताना भिंग घेऊन आला.

"आ करा," तो म्हणाला. उकंडरावांनी निमूट आ केला. पंजाबरावाने उजेडाकडे तोंड वळवायला लावलं, एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. "नाई बाप्पा. हे उकंडराव नोहेत. उकंडराव अर्ध्या दाताचे होते." जाताना मात्र तो दारात घुटमळला. "पन मानूस तसाच कडक हाय," तो म्हणाला.

त्याच दुपारी उकंडराव डॉक्टरांकडे गेले. "काढा."

डॉक्टरांनी चिमट्यात धरून टोपी हलवली, मग ओढली, मग पाय खुर्चीला लावून ओढली. खुर्ची उकंडरावांसकट वीतभर पुढे आली. टोपी आली नाही. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते आनंदाचं होतं.

"ही आता फोडावी लागेल," ते कसंबसं म्हणाले. "आणि फोडूनही उपयोग नाही. बुकात अर्धा दात आहे ना? मी घासलाय तो. आत आता पावच आहे."

पाव दाताचा इसम कोणत्याच बुकात नव्हता.

घरी सत्यभामाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. उकंडरावांनी सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हासा बरं जरा."

उकंडराव हसले.

"दिसते चांगलं," त्या म्हणाल्या. "पन बत्तीस वर्सं तुमी हासले का मले थो मांडव दिसे. मामी दिसे. आता निस्ता दात दिसते."

उकंडराव 'तसं नाई ते' म्हणाले नाहीत. ते आत गेले, दौत-टाक घेऊन बसले आणि त्यांनी अर्ज लिहिला. असले अर्ज कचेरीत एकाच टेबलावर जात, आणि ते टेबल सोमवारपासून रिकामं राहणार होतं.

"अर्जदार, जो आपणांस उकंडराव म्हणवितो, हुजुरांस सविनय विनंती करितो की, मौजे देऊळघाट येथील सदरहू मांडवाची जागा सरकारी देखरेखीखाली चाळून, सन १९०६ साली अक्षतांत पडलेला अर्धा दात, जवारी वगळून, हस्तगत करण्यात यावा, तो ज्याचा ठरेल त्यास उकंडराव समजण्यात यावे, आणि काम संपल्यावर तो दात दफ्तरी दाखल न करता अर्जदाराची पत्नी सत्यभामाबाई हिचे हवाली करण्याविषयी हुकूम व्हावा."