खजुरीची रुंद फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. त्याआधी मी खजुरीचं झाड होते, केर्केना बेटावरचं. तिथला समुद्र इतका उथळ की ओहोटीला तो गाढ झोपलेला वाटतो. वारा सुटला की मला अजून माझ्या झावळ्या ऐकू येतात.

नावाडी खमैसने माझं खोड चिरून, जोडून मला रुंद केलं. मेंढ्या घसरू नयेत म्हणून माझ्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. पुष्कळ वर्षं मी धक्का आणि होडी यांच्यामध्ये पडून राहिले. माझ्यावरून मेंढ्या गेल्या, सासरी निघालेल्या मुलीही रडत गेल्या.

जाळी विणणारी मन्नूबिया धक्क्यावरच बसायची, चाकांच्या खुर्चीत. तिचे पाय लहानपणीच गेले होते. मतदानाला धाकटा भाऊ हमादी तिला पाठीवर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढायचा. पडद्याआडही तोच सोबत असायचा, आणि खूण त्याच्याच मर्जीची व्हायची. पाठीवर बसून दिलेलं मत पाठीचंच असतं, असं ती म्हणायची.

नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा तिने खमैसकडे मला एका दिवसापुरतं मागितलं.

"मेंढ्यांचा वास येतो या फळीला, मन्नूबियाताई."

"मेंढ्या तरी आपापल्या पायांनी चढतात."

मतदानाच्या सकाळी मला शाळेच्या पायऱ्यांवर टेकवलं. पण पहिल्याच पट्टीला तिची चाकं अडली. रांगेतले लोक माना वळवून पाहू लागले. हमादी तिच्यापुढे पाठ करून वाकला.

"चल ताई, उगाच तमाशा नको."

ती हलली नाही. नुसती खमैसकडे पाहत राहिली. खमैस होडीवरून पहार घेऊन आला आणि माझ्या पट्ट्या उपटू लागला. उद्या मेंढ्या कशा चढवणार, असं रांगेतून कुणीतरी खिजवलं.

"त्यांना विचारून सांगतो," तो म्हणाला.

मन्नूबियाने दोन्ही हातांनी चाकं फिरवली. मी मधोमध वाकले, करकरले. इतकी भीती मला भर वादळातही वाटली नव्हती. पण मी धरून राहिले. ती वर पोचली, आणि पडद्याआड एकटी गेली.

उतरल्यावर तिने वाकून माझ्यावर हात ठेवला. बोटावरची निळी शाई ओलीच होती. हमादीने हळूच विचारलं, "कोणाला दिलंस?"

"तुझी पाठ दुखायची ना रे? आता तिला आराम दे."

खमैसने मला परत होडीकडे नेलंच नाही; आता मी शाळेमागे भिंतीला टेकून असते. खिळ्यांची भोकं उरली आहेत, आणि एक निळा ठिपका. मित्रांनो, मतदानाचा दिवस आला की मला आधीच मांडून ठेवा. कुणाला मागायला लावू नका.