तळहातभर पाणी

नळी सोमवारी बसवायची ठरली आणि शनिवारी दुपारी शामकांत म्हणाले, "उदोन."

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू नेली होती आणि वाचाही बरीचशी. उरलेलं बोलणं एकेका शब्दानं यायचं, तेही मेहनतीनं. इंदूताईंनी गोळ्यांची पट्टी खाली ठेवली आणि ऐकू न आल्यासारखं केलं. पण पलंगाच्या पायथ्याशी त्यांची नात बसली होती.

"आजी, आजोबा उदोन म्हणताहेत. रामहरीकाकांकडचं."

"कळलं मला, मनवा."

"मग?"

"मग काही नाही. त्यांना पातळ चालत नाही."

इंदूताईंनी सगळी नोकरी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली होती. नवऱ्याचं दुखणं त्यांनी डॉक्टरांकडून धड्यासारखं समजून घेतलं होतं. घास गिळताना श्वासनळीवर एक झाकण पडतं. शामकांतांचं झाकण आता उशिरा पडत होतं. घट्ट पदार्थ सावकाश उतरतो, झाकणाला वेळ देतो. पातळ पदार्थ थांबत नाही, तो श्वासनळीतून थेट फुफ्फुसात जातो. साधं पाणी तर सगळ्यांत वाईट. म्हणून झटका आल्यापासून शामकांतांना पाणीसुद्धा पावडर घालून, खळीसारखं दाट करून, पलंगावरच चमच्यानं मिळत होतं. तेही पुरेसं पोटात जाईना, वजन उतरत चाललं, म्हणून आता पोटातून नळी. त्यानंतर तोंडानं काही नाही.

संध्याकाळी अनीश कंपनीतून आला. मनवानं दारातच त्याला गाठलं असावं, कारण बूट न काढताच तो स्वयंपाकघरात आला.

"आई, उद्या नेऊ या ना त्यांना. डॉक्टर म्हणालेच होते, चवीपुरतं चालेल."

"घट्ट करून. चमचाभर. मान खाली घालून."

"मग तसंच देऊ. शेवटचंच आहे आई."

"ते मला सांगू नकोस," इंदूताई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पावडरीचा डबा, चाळणी आणि लहान काट्याचमच्याची जोडी एका पिशवीत भरून ठेवली.

सुप्याच्या बाजूला जपानी कंपन्या आल्या तेव्हा रामहरी त्यांच्या गेस्ट हाउसमध्ये भांडी घासायला लागला होता. तिथल्या जपानी आचाऱ्याकडून तो हळूहळू सगळं शिकला आणि पुणे रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं आपलं दुकान टाकलं. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या शेवया, गरम पातळ रश्शात सोडलेल्या. अनीशनं पहिल्यांदा घरच्यांना तिथे नेलं तेव्हा शामकांतांनी वाडग्यात बराच वेळ पाहिलं होतं.

"कुरडईला पोहायला शिकवलंय यांनी," ते म्हणाले होते.

रामहरीला ते इतकं आवडलं, की तेव्हापासून या कुटुंबासाठी तो मासळी न घालता, नुसत्या अळंब्यांचा रस्सा वेगळा काढून ठेवू लागला. आणि त्यानंच सांगितलं होतं, "नाझरसायेब, ह्ये मुकाट्यानं खायाचं न्हाई. जपानी लोक भुरका मारत्यात. आवाज न्हाई आला तर बनवनाऱ्याला वाईट वाटतंय."

शामकांत जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या घरात जेवताना तोंडाचा आवाज झाला तर समोरून भुवई वर जायची. आमटीचा भुरका मारल्याबद्दल अनीशनं लहानपणी पाठीत धपाटे खाल्ले होते. त्या शामकांतांनी इकडेतिकडे पाहिलं, वाडगा उचलला आणि असा भुरका मारला, की पलीकडच्या टेबलावरच्या दोन जपानी साहेबांनी मान लववली.

"माझ्या धपाट्यांचं काय मग?" अनीश म्हणाला होता.

"ते भारतीय कायद्याखाली होते," शामकांत म्हणाले होते.

त्यानंतर महिन्यातून एखादा रविवार तिथे जायचाच असं ठरून गेलं. शामकांतांचे नियम मात्र तिथेही सुटले नाहीत. पान असो की वाडगा, घास घेण्याआधी ते उजव्या तळहाताचा खळगा करायचे, त्यात पाणी घ्यायचे, पुटपुटायचे आणि ते पिऊन मगच जेवायला लागायचे. शेवयांचे चार तुकडे टेबलाच्या कडेला ठेवून त्याभोवती पाणी फिरवायचे. तळहातावर पाणी घालायचं काम मनवाचं. ती पाच वर्षांची असल्यापासून ते तिचंच होतं, आणि दुसऱ्या कुणी तांब्या उचलला तर ती रुसायची. आता ती नववीत होती. रुसणं संपलं, काम तिचंच राहिलं.

रविवारी दुपारी रामहरीनं शेडच्या दारातून चाकाची खुर्ची आत घ्यायला हात लावला. शामकांतांना त्यानं एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग तो नेहमीसारखाच मोठ्यानं बोलला.

"या, या, नाझरसायेब! लई वाट बघाया लावली. शेवया पार मऊ शिजिवल्यात बगा, दात नसले तरी चालंल."

शामकांतांचा अर्धा चेहरा हसला.

इंदूताईंनी वाडगा आपल्याकडे ओढला. शेवया काट्यानं चिरडून चाळणीतून काढल्या. रस्सा वेगळ्या वाटीत घेऊन पावडर मिसळली, ढवळली, थांबल्या. अनीश बाहेर गाडी नीट लावत होता, त्याची बायको जया हात धुवायला मागे गेली होती. शेडमध्ये आल्यालसणाचा, उकळत्या पिठाचा वास भरला होता. इंदूताईंनी चमचा भरून डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि तिरका केला. थेंब लांबला, लोंबला, पडला. अजून जरा. त्यांनी चिमूटभर पावडर वाढवली, पुन्हा ढवळून चमचा वर धरला. या वेळी थेंब चमच्याच्या टोकाशी थांबून राहिला. बरोबर.

त्या थेंबापलीकडे त्यांना एक ओला तळहात तोंडापासून खाली येताना दिसला.

शामकांतांसमोर इतक्या दिवसांनी टेबल आलं होतं, टेबलावर वाडगा होता. पलंगावरच्या चमच्याला त्यांनी कधी जेवण मानलं नव्हतं, म्हणून तिथे हात पुढे झाला नव्हता. इथे तो आपोआप पुढे झाला. आणि मनवानं तांब्यातलं पाणी आपोआप त्यावर घातलं. आता ती तांब्या जागेवर ठेवत होती आणि आजोबांकडे पाहून हसत होती.

ठसका लागला नाही. शामकांत ओठ मिटून, मान किंचित डोलवत बसले होते, मंत्र संपल्यावर बसायचे तसे. ठसका नाही लागला याचा अर्थ काय ते इंदूताईंना ठाऊक होतं. पाणी पोटात गेलं असेल, किंवा घशाला आता कळतच नसेल ते कुठे गेलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

"आजी, दे ना," मनवा म्हणाली.

शामकांतांनी तोंड उघडलं. इंदूताईंनी त्यांची हनुवटी छातीकडे घेतली आणि घट्ट रश्शाचा चमचा दिला. मग दुसरा. दुसऱ्याला त्यांनी ओठ चंबूसारखे केले आणि ओढलं. अगदी लहान, फाटका आवाज आला.

"भुरका!" मनवा ओरडली. भट्टीपाशी रामहरीनं झारा ठेवला आणि हात जोडले. तेवढ्यात आत आलेला अनीश दारातच उभा राहिला आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागला.

परतताना गाडीत शामकांतांचा आवाज पाणी भरल्यासारखा घरघरत होता. सकाळी अंगात ताप होता. सोमवारची पोटाची नळी राहिली, नाकातून नळी घातली, मग श्वासासाठी यंत्र लावलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात इंदूताईंनी डॉक्टरांना एकटं गाठून सगळं सांगितलं, तळहातावरच्या पाण्यासकट. डॉक्टर तरुण होता. "आजी, लाळेनंसुद्धा होतं असं. आता ते शोधून उपयोग नाही," तो म्हणाला. शास्त्राच्या दृष्टीनं त्याचं बरोबर होतं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर कशानं काय झालं ते ठरवता येत नाही, हे त्यांनी मुलींच्या कित्येक तुकड्यांना फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यांना स्वतःला मात्र शंका नव्हती.

आठवड्याभरात शामकांत गेले.

दिवसवार झाले, पाहुणे परतले. मनवा शाळेत जात होती, येत होती. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठत होती. जयाला वाटलं, दुःख आहे, निवळेल. इंदूताईंनी पाहिलं होतं, की ती कुणालाच पाणी देत नाही. बापानं मागितलं तरी तांब्या त्याच्याकडे सरकवते, ओतत नाही.

"रविवारी जाऊ या का रामहरीकडे?" एकदा अनीश म्हणाला. "बाबांना आवडलं असतं."

कुणी नको म्हटलं नाही. शेडमध्ये त्यांच्या टेबलाची पाचवी खुर्ची रामहरीनं आधीच काढून नेली होती. त्यानं वाडगे आणून ठेवले आणि तो भट्टीकडे गेला. वाफ वर जात राहिली. तांब्या टेबलाच्या मधोमध होता. मनवा त्याच्याकडे पाहत होती.

"आजी."

"हं."

"पाणी मी घातलं होतं. त्या दिवशी. आजोबांच्या हातावर."

जयाचा हात थांबला. अनीशनं वर पाहिलं. त्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं. मनवा आजीकडे सरळ बघत होती, खरं उत्तर मागणाऱ्या विद्यार्थिनीसारखी. आयुष्यात इंदूताईंनी अशा नजरेला चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. येत नसेल तर उद्या बघून सांगते म्हणायच्या.

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "तळहातावर मावतं तेवढं पाणी जिभेवरच जिरतं. त्यानं काही होत नाही. रस्सा पातळ राहिला होता. पावडर कमी पडली माझ्याकडून."

"नक्की?"

"मी रसायनशास्त्र शिकवलंय, मनवा. नक्की."

अनीशनं जेवायच्या जपानी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"आई, तू तर इस्पितळात म्हणालीस, दोनदा तपासलं."

"तपासलं. तरी चुकलं."

"चुकलं?"

"हो."

"अहो, राहू द्या ना आता," जया हलकेच म्हणाली. आईकडे अनीश जसा पाहत होता तसं त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि इंदूताईंनी ती नजर मान खाली न घालता अंगावर घेतली. मग तो उठला, गाडीत बसतो म्हणाला आणि बाहेर गेला. त्याच्या वाडग्यात रश्शावर तेलाची साय धरू लागली.

मनवानं वाडगा जवळ ओढला. मग एक शेवई ओठांत धरून ओढली. आवाज झाला नाही. दुसरी ओढली. तिसऱ्या वेळी तिनं वाडगा उचलून रश्शाचा घोट घेतला, आणि त्याला तो आवाज होता.

इंदूताईंनी आपला चमचा भरला आणि सवयीनं डोळ्यांसमोर तिरका धरला. रस्सा सरळ धारेनं वाडग्यात पडला. दारातून, गाडीच्या काचेपलीकडे, अनीश मान मागे टेकून बसलेला दिसत होता. त्यांनी चमचा पुन्हा भरला आणि, आवाज न करता, तो घोट गिळला.