मदर पोतेन्सियानाचं लाल हृदय

शुक्रवारी दुपारी माबाटोच्या बास्केटबॉल कोर्टात पाय ठेवायला जागा नसे. फिलिपिन्समधल्या लागुना तळ्याकाठच्या या गावात छप्पर असलेली मोठी जागा तेवढी एकच. त्यामुळे लग्नं, मयतं, निवडणुकीच्या सभा आणि आता चमत्कारही तिथंच होत. एका बास्केटच्या बरोबर खाली टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर सांपागिताच्या फुलांच्या माळा आणि माळांच्या मधोमध मदर पोतेन्सियानाची जुनी तसबीर. तपकिरी झग्यातली जोगीण, डोक्यामागे सोनेरी वलय, एक हात छातीशी घेतलेला. चेहऱ्यावर मात्र दुधाळ धुरकट पडदा. डोळे आहेत एवढं कळे, कुणाकडे बघताहेत ते कळत नसे.

ते कळवण्याचं काम ब्रदर ओनोर्योकडे होतं. संतांच्या मूर्तीवर हातरुमाल फिरवायचा आणि तोच दुखऱ्या जागी लावायचा, ही या भागातली पिढ्यानपिढ्यांची रीत. ब्रदरनी तिच्यात एवढाच बदल केला होता की रुमाल घरून आणायचा नाही, त्यांच्या पितळी भांड्यातला, मंतरलेल्या पाण्यात भिजलेला घ्यायचा. तो तसबिरीवरून फिरवला की कुणाकुणाच्या बाबतीत धुकं विरे आणि मदरचा चेहरा लख्ख समोर येई. गाल, ओठ, पापण्या, सगळं. ज्याला दर्शन झालं तो बरा झाला. ज्याला झालं नाही त्यानं मन साफ करून पुढच्या शुक्रवारी यायचं, आणि रिकाम्या हातानं येऊ नये हे सांगायला दानपेटीशी एक माणूस उभा असे.

"भावांनो, बहिणींनो!" ब्रदर माइक तोंडाला लावून म्हणत. "डॉक्टर शरीर बरं करतो म्हणे! पण शरीर बनवलं कुणी? डॉक्टरनं? आं? इथंच विज्ञान गप्प बसतं!"

टाळ्या पडत. विज्ञानाला कुणी बोलावलेलंच नव्हतं, त्यामुळे ते गप्प होतं हे खरं.

त्यातच गेल्या महिन्यापासून मदरच्या छातीवर, झग्याच्या तपकिरी रंगातून, एक लाल डाग उमटू लागला होता. आधी डाळिंबाच्या दाण्याएवढा, मग तीन-चार टोकांचा, ज्वाळा निघाव्यात तसा. येशूचं ज्वाळांनी वेढलेलं हृदय माबाटोत प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे, त्यामुळे डाग कशाचा हे कुणाला विचारावं लागलं नाही. पवित्र हृदय प्रकटतंय! शेजारच्या गावांतून जीपनी, म्हणजे जीपच्या लांबट बसगाड्या, भरभरून येऊ लागल्या.

अशाच एका जीपनीतून गिल्डा उतरली. ती मनिलाच्या एका संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करायची. शेजारणीनं फोन करून सांगितलं होतं, "तुझ्या आईच्या पायाचं काही खरं नाही. येऊन बघ." घरी कुलूप दिसलं, तेव्हा ती सरळ कोर्टात आली. तिची आई सेलिंग, इथल्या बोलीत नानाय, पुढच्याच रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर, अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला.

"आलीस? बरं झालं," नानाय म्हणाली. "जा, पुढे हो. दर्शन घे."

"नानाय, आधी पाय दाखव."

"आधी दर्शन."

गिल्डा पुढे झाली. गावचे कॅप्टन, म्हणजे सरपंच, रुपेर्तो ती कोण हे सांगायला ब्रदरच्या कानाशी लागले. मदर त्यांची खापरपणजी, तसबीर त्यांच्याच घरच्या अडगळीतून निघाली होती, आणि कोर्टही त्यांच्याच ताब्यात. ब्रदरनी मान डोलावली, भांड्याच्या दुसऱ्या बाजूनं एक रुमाल उचलला आणि तसबिरीवरून फिरवला. पाण्याचे थेंब ओघळले. धुकं होतं तसंच राहिलं.

"अरेरे," ब्रदर माइकमधूनच म्हणाले. "मनिलात फार शिकलं की असं होतं. मदर पाठ फिरवते."

लोक हळहळले. नानायनं शरमेनं पदर ओढावा तसा पंखा तोंडासमोर धरला.

घरी आल्यावर तिनं तोंड सोडलं. "मला पहिल्याच शुक्रवारी दिसली ती! सरळ माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या पोटची पोर बघ, तिला तोंडसुद्धा दाखवत नाही. लोकांना काय सांगू मी?"

"इन्सुलिन कधी बंद केलंस?"

"दर्शन झालं त्याच दिवशी. सुई म्हणजे संशय, असं ब्रदर म्हणतात. एकीकडे तिच्यावर भरवसा आणि एकीकडे सुई, हे चालत नाही तिला."

"आणि साखर वाढली तर चालते का तिला?"

"हे बघ, उलट बोलू नकोस. भात खाल्लास का?"

गिल्डानं भाताचं उत्तर न देता आईच्या अंगठ्याचा रुमाल सोडला. अंगठा काळपट पडला होता, शेजारचं बोटही.  आणि मग तिला वास आला. वर सांपागिताचं अत्तर, पण त्याखाली दुसराच एक वास, डोक्यात जाणारा, तिच्या रोजच्या ओळखीचा. कामावर तो तिच्या टेबलावरच्या बाटलीतून येई. आईच्या उघड्या जखमेवर कुणीतरी आठवडेच्या आठवडे टर्पेंटाइन चोळत होतं.

तिला इतका संताप आला की क्षणभर दिसेनासं झालं. मग तिनं मीठ घातलेलं कोमट पाणी आणलं आणि जखम धुवायला बसली.

"नानाय, ऐक. नदीतला गोटा कोरडा असला की पांढुरका दिसतो ना? ओला केला की त्याचा रंग उठून येतो. वाळला की परत पांढुरका. त्या तसबिरीवरचं व्हार्निश जुनं होऊन तसंच झालंय. टर्पेंटाइन लावलं की ते आत शिरतं आणि खालचा चेहरा दिसतो. उडून गेलं की परत धुकं. आम्ही रोज करतो हे."

"पण तुझ्या वेळी तर काहीच झालं नाही."

"मला त्यानं साध्या पाण्याचा रुमाल लावला. पाणी वरच्या वर ओघळतं. त्याच्याकडे दोन तऱ्हेचे रुमाल आहेत."

"तुला दिसली नाही म्हणून जळतेस तू," नानाय म्हणाली. पण पाय मागे घेतला नाही. मग म्हणाली, "असं करू. तुझ्यासारख्या नास्तिक बाईला तिनं तोंड दाखवलं, सगळ्यांसमोर, तर मी सुई घेईन. नाही दाखवलं, तर तू परत माझ्यासमोर डॉक्टरचं नाव काढायचं नाही."

"शब्द?"

"मी काय निवडणुकीला उभी आहे का? शब्द म्हणजे शब्द."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना नानायनं दाराशीच अडवलं. त्यांनी खिडकीतूनच पाय बघितला आणि गिल्डाला बाहेर बोलावून सांगितलं, "अंगठा गेल्यात जमा आहे. अजून उशीर केलात तर पाऊल जाईल. त्यानंतर काय जातं ते मी दारात उभी राहून सांगत नाही." गिल्डानं त्या दिवशीही हातापाया पडून बघितलं. नानाय म्हणाली, शुक्रवार येऊ दे.

शुक्रवार आला. गिल्डा दाटीतून वाट काढत टेबलाशी गेली. खांद्याच्या पिशवीत कापूस, बांबूच्या काड्या आणि दोन बाटल्या.

"पुन्हा आलीस, लेकी?" ब्रदर गोड हसले. "मन साफ झालं?"

"नाही. माझा यातल्या कशावरच विश्वास नाही, हे सगळ्यांनी ऐकावं," गिल्डा म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं. "पण आज रुमाल माझा."

"चालत नाही! बाहेरचा रुमाल मदरला चालत नाही!"

"का?" मागून एक म्हातारी ओरडली. "माझी आई तर स्वतःच्याच रुमालानं संत आंतोन्यो पुसायची. त्याला चालायचं, हिला काय झालं?"

ब्रदर उत्तर जुळवेपर्यंत गिल्डानं एका बाटलीतलं रुमालावर ओतलं आणि तो हलक्या हातानं तसबिरीवर टेकवला. धुकं विरलं. गाल आले, ओठ आले, पापण्या आल्या. कोर्टात एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला.

ब्रदर मात्र हरणाऱ्यातले नव्हते. "पाहा!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहा तिची करुणा! नास्तिकालाही दर्शन! अविश्वासाचा पराभव!"

"थांबा जरा," गिल्डा म्हणाली. "आता ती जाईल."

सगळे थांबले. डावीकडून धुकं परत यायला लागलं. आधी कपाळ गेलं, मग डोळे.

"मी चिडवलं म्हणून गेली का? बघू या. कॅप, तुम्ही या."

कॅप्टन रुपेर्तो मागे सरकले, पण लोकांनी त्यांना पुढे ढकललं. कॅप्टनच्या मनाच्या साफसफाईबद्दल माबाटोत कुणाचा फारसा गैरसमज नव्हता. त्यांनी गिल्डाच्या पहिल्या बाटलीनं भिजवलेला रुमाल टेकवला आणि मदरनं त्यांच्याकडे अतिशय प्रेमानं बघितलं. मग दुसऱ्या बाटलीतल्या साध्या पाण्याचा रुमाल त्यांनी बाजूच्या जागेवर फिरवला. तिथं काही झालं नाही. कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं.

"ही पहिली बाटली टर्पेंटाइनची. रंगाच्या दुकानात मिळते," गिल्डा म्हणाली. "ब्रदरच्या भांड्यात दोन कप्पे आहेत. एकात पाणी, एकात हेच. कुणीही जाऊन वास घ्या. तुमच्या घरातल्या रुमालांचाही घ्या."

म्हातारी उठली, भांड्यावर वाकली, शिंकली. "खिडक्या रंगवल्या तेव्हा आमच्या घरात हाच वास होता," तिनं जाहीर केलं.

"आणि हृदय?" ब्रदर ओरडले. त्यांचा आवाज आता माइकशिवायच पुरत होता. "हृदय पण बाटलीतून आलं का? पवित्र हृदय आपोआप प्रकटलं! ते बोल की!"

"तेच बोलते. कॅप, तसबीर तुमची आहे. त्या लाल डागाभोवती बोटभर जागा साफ करू का?"

कॅप्टननं गर्दीकडे बघितलं. गर्दी त्यांच्याकडे बघत होती. "कर बाई," ते म्हणाले.

गिल्डानं काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि डागाच्या कडेनं फिरवायला सुरुवात केली. कापूस तपकिरी झाला. तिनं दुसरा घेतला. "हा झगा मूळचा नाही. नंतर कुणीतरी राळेत रंग कालवून वरून फासलाय. ब्रदर इतके महिने पुसताहेत, त्यानं तो विरघळत चाललाय. हृदय प्रकटत नाहीये. झगा निघतोय."

तिसऱ्या कापसाला लालाच्या खाली एक गोल पिवळा डोळा आला. रागीट. चौथ्याला चोच आली.

 माबाटोत दर रविवारी कोंबड्यांच्या झुंजी लागतात, तेव्हा गावातल्या कुणालाही आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मागच्या बाकावरून एक गडी भारावून ओरडलाच, "अरे, तुरा बघा काय! असा कोंबडा मी आयुष्यात बघितला नाही!"

कॅप्टननं खूण केली तशी गिल्डा आणखी पुसत गेली. मदर पोतेन्सियाना झुंजीचा कोंबडा काखेत घेऊन उभी होती. जिथं पुसलं तिथं झग्याखालून अननसाच्या धाग्याचं तलम भरजरी वस्त्र दिसत होतं, आणि कोंबड्याच्या पाठीवरच्या तिच्या बोटात हिऱ्याची अंगठी.

"पण... आमच्या घरात सगळे म्हणायचे, खापरपणजी जोगीण होती," कॅप्टन पुटपुटले.

"जोगीण होती तर तुम्ही कुठून आलात, कॅप?" म्हातारीनं विचारलं.

एवढे महिने एवढी माणसं त्या कोर्टात बसली, हात जोडले, रडली, आणि हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आता पडला तेव्हा हशा असा उसळला की बास्केटची जाळी हलली. हसू ओसरल्यावर कॅप्टननं कबूल केलं की घरात आणखीही एक गोष्ट सांगायचे, हळू आवाजात. गावातला झुंजीचा आखाडा म्हणे खापरपणजीचाच होता, आणि तिच्या मुलीचं लग्न एका फार धार्मिक घरात ठरलं होतं. व्याह्यांना कोंबडा खपला नसता. वलय, झगा सगळं त्या लग्नाच्या घाईतलं असावं.

या गडबडीत ब्रदर ओनोर्यो माइक ठेवून दाराकडे निघाले. कुणीतरी विचारलं, कुठं? ते म्हणाले, बस चुकेल. माबाटोत त्यांनी बोललेलं हे बहुधा पहिलं खरं वाक्य. आणि बस चुकलीच. लोकांनी त्यांना दानपेटीसकट चौकीवर नेलं.

नानाय सेलिंग अजून खुर्चीतच होती. ती हसली नव्हती. गिल्डा तिच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती," नानाय म्हणाली.

"नाही, नानाय."

"मला वाटलं, एवढ्या गर्दीत कुणीतरी मला नीट बघितलं." तिनं डोळे पुसले, स्वतःच्या रुमालानं. "चल. सुई कुठाय तुझी? शब्द म्हणजे शब्द."

गिल्डाला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही.

पुढचं थोडक्यात. नानायचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं. कॅप्टननं तसबीर संग्रहालयात पाठवली, गिल्डानं ती सावकाश साफ केली. धुरकट व्हार्निश गेलं, वलय गेलं, झगा गेला, आणि आता दोन्या, म्हणजे बाईसाहेब, पोतेन्सियाना कोंबड्यासकट गावच्या सभागृहात टांगलेली आहे. ती सगळ्यांना दिसते. पाप्याला, पुण्यवानाला, वीजबिल भरायला आलेल्याला, रोज, सारखीच. त्यामुळे तिच्यासमोर रांग नसते.

महिन्यातून एकदा नानाय काठी टेकत तिथं जाते, तिच्याकडे बघते आणि आखाडेवाल्या बाईला शोभेल अशी एखादी शिवी हासडून परत येते. सकाळची सुई घेतल्यावरच.

कुणी काय मानावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण रुमाल कुणाचा आहे, तो कशानं ओला आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात दिला तर तसाच चालतो का, एवढं तरी विचारावं. त्याला शिक्षण लागत नाही, संग्रहालयात नोकरी लागत नाही, नाक असलं तरी पुरतं. माबाटोत हे पहिल्या शुक्रवारी कुणी विचारलं असतं, तर नानायच्या डाव्या पायाला आज पाच बोटं असती.