यादीचा दिवस

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी हॅल्सबी टाउन फुटबॉल क्लबात यादी निघायची: पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोणाला नारळ मिळणार. बॉस, म्हणजे संघाचा मॅनेजर, एकेकाला आत बोलवायचा. बाकीचे कपडे बदलायच्या खोलीत बसून एकमेकांची टिंगल करायचे, म्हणजे यादीचा विषय निघायचा नाही.

"काय रे टेरी, खिशात अंडं उबवतोयस का?" लेफ्ट बॅक बॅरीने विचारलं.

"जपून हो! त्याच्या हातात काही राहत नाही हल्ली," दुसरा म्हणाला. सगळे हसले, टेरी हॉलरॉइडही हसला. चौतीस वर्षांचा गोलकीपर, चौदा वर्षं याच क्लबात, आणि उजवा हात काही कोटाच्या खिशातून बाहेर येत नव्हता.

त्या खिशात मोडकं मनगट होतं. जानेवारीत गोठलेल्या मैदानावर पडला आणि आतलं बारीक हाड मोडलं. परगावच्या डॉक्टरने फोटो काढून बजावलं, "तीन महिने प्लास्टर. नाहीतर हात गेला समज." हा शहाणा प्लास्टर न घालताच घरी आला! चौतीशीतला जायबंदी कीपर कोण ठेवतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं गणित. चेंडू अडवण्यापलीकडे त्याला आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं, आणि म्हणून अजून एक वर्ष तरी हवंच होतं.

बायको, ब्रेंडा, रोज सकाळी पट्टी बांधायची आणि रोज रडायची. "बॉसला सांग रे. खाणार आहे का तो तुला?"

"तू घट्ट बांध."

असे एकोणीस सामने खेळला. एकोणीस! उंच चेंडू आला की झेलायचा नाही, डाव्या मुठीने ठोसा मारून उडवायचा. "अरे झेल की, भित्र्या!" लोक ओरडायचे. कळ मस्तकात जायची, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"बस, टेरी," टेरीची पाळी आली तेव्हा बॉस मॅकॅलिस्टर म्हणाला. नजर मात्र खिडकीकडे. "या वर्षी तुला सोडतोय."

"एकच वर्ष, बॉस. राखीव म्हणून ठेवा. नुसतं बाकावर बसवा. पाया पडतो तुमच्या."

"वयाचं नाही रे. जानेवारीपासून तू एक चेंडू धड धरलेला नाहीस. घाबरलायस तू. हात मोडला असता तर थांबलो असतो. रायलीचा पाय मोडला, ठेवला ना वर्षभर? आपल्या मैदानावर मोडलेला माणूस मी टाकत नाही. पण धीरच सुटला, तर त्याला कुठलं प्लास्टर घालू?"

टेरी खुर्चीतून पुढे सरकला. त्याने हात बाहेर काढला, दातांनी पट्टी सोडली आणि सुजलेलं, वाकडं मनगट टेबलावर ठेवलं. "मोडलाय, बॉस. जानेवारीपासून. आईशप्पथ! ब्रेंडाला विचारा. डॉक्टरला फोन करा, आत्ता करा!"

मॅकॅलिस्टरने ते मनगट एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सकाळपासून चौघं बसले या खुर्चीत. चौघांचंही आजच काहीतरी दुखायला लागलंय. तूही खोटं बोलत असशील, तर विषयच संपला. आणि खरं असेल, तर एकोणीस सामने तू मला मोडका कीपर दिलास. दोन गुणांनी खालच्या विभागात घसरलो आपण, टेरी. बाहेर बसलेल्या त्या पोरांना काय सांगू मी?"

टेरी उठला. त्याने एका हाताने पट्टी कशीबशी गुंडाळली, हात पुन्हा खिशात घातला आणि कोणाकडेही न बघता त्या खोलीतून बाहेर पडला.

ब्रेंडा गाडीत बसली होती. त्याचा चेहरा बघून तिला सगळं कळलं.

"का म्हणे?"

"वय झालं म्हणाला."

"म्हणजे हाताचं सांगितलं असतं, तरी काही फरक पडला नसता?"

"नसताच पडला," टेरी म्हणाला.

"बरं झालं बाई. मला आपली रुखरुख लागली होती, मीच जाऊन सांगायला हवं होतं म्हणून." तिने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.