किरणमण्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. लाकडाची नाही, लोखंडाचीही नाही. जाड, पारदर्शक ॲक्रिलिकची. पनवेलच्या एका हॉस्पिटलात, सरावाच्या खोलीतल्या फडताळावर मी बसलेली असते. माझ्या अंगावर ओरखडे पडले आहेत आणि झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे. शिकायला येणारे डॉक्टर मला खाली उतरवतात, हात बसवतात आणि पुन्हा वर ठेवून देतात. पण माझ्या पोटात एके काळी फार जोखमीचे काम चालत असे.

कुणाच्या यकृतात गाठ झाली आणि ती कापून काढता आली नाही, तर काही रुग्णांना किरणोत्सारी मणी देतात. हे मणी केसाहूनही बारीक असतात. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक नळी यकृतापर्यंत नेतात आणि पाण्याबरोबर मणी आत सोडतात. ते गाठीत जाऊन रुततात आणि तिथल्या तिथे तिला जाळतात. या मण्यांची कुपी माझ्या आत ठेवत. माझ्या भिंती किरण अडवत, म्हणून डॉक्टरांचे हात सुरक्षित राहत. हे मणी परदेशातून विमानाने येतात. दिवसागणिक त्यांची ताकद ओसरते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाहीत.

मी आले तेव्हा माझे फार कौतुक झाले. डॉक्टर चारुता नळी घालत, आणि किरणांची मोजणी करणारा भौतिकतज्ज्ञ स्वानंद माझ्याजवळ उभा राही. चारुताबाई मला स्वतः पुसून ठेवत. एकच गोष्ट स्वानंदला खटके. माझ्यापासून रुग्णापर्यंत जाणारी नळी लांब होती आणि टेबलाच्या कडेला तिचा झोळ पडत असे.

"ही आखूड हवी, मॅडम. पेटीच रुग्णाजवळ नेणारा स्टँड मिळाला तर बरं," तो म्हणाला होता. चारुताबाईंनी मागणी केली. "पुढच्या खरेदीत बघू," असे उत्तर आले. काम तर चालत होते. मग त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

अशात नेरे गावचे भगवानकाका आले. डोंगराखाली त्यांचे भाताचे शेत होते. आजूबाजूच्या शेतांत फार्महाऊस उभी राहिली, यांनी मात्र विकले नव्हते. तरुणपणी झालेल्या काविळीने यकृत पोखरले होते आणि आता त्यात गाठ धरली होती. त्यांची बायको भामा दाराबाहेर बसली. काका टेबलावर आडवे झाले.

"म्याडम, लय दुखंल काय?"

"टोचल्यासारखं वाटेल, काका. तुम्ही जागेच असाल. काही वाटलं तर लगेच सांगा."

"मी नाय घाबरत. बाहेर बसलीय ती घाबरतंय," काका म्हणाले आणि हसले.

नळी नीट जागेवर पोचली. कुपीतून मणी निघाले. सुरुवातीला सगळे सुरळीत होते. मग चारुताबाईंच्या हाताला पाणी ढकलायची पिचकारी जड लागू लागली.

"स्वानंद, पुढे जात नाहीये."

"जोर लावू नका. नळीचा सांधा सुटला तर सगळं बाहेर सांडेल."

त्यांनी थांबून पाहिले, पुन्हा पाणी सोडून पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी हात मागे घेतला. काकांना बाहेर नेल्यावर स्वानंदने मोजणीयंत्र नळीवरून फिरवले. झोळाजवळ ते कडकडून वाजू लागले. जवळजवळ निम्मे मणी तिथेच बसले होते.

त्याने यंत्र बंद केले. मग स्वानंद हळूच म्हणाला, "लगेच सांगायला हवं का? तेवढ्यानेही गाठ आक्रसू शकते."

"आक्रसू शकते," चारुताबाई म्हणाल्या. "पण आपल्या शरीरात काय गेलं आणि काय नाही, हे त्यांना कळायलाच हवं."

माझ्यात किरणांचा अंशही उरला नाही याची खात्री झाल्यावर त्या मला घेऊन काकांच्या खाटेजवळ गेल्या. सोबत तशीच एक कोरी नळी होती. ती मला जोडून त्यांनी सारे समजावले.

भामाने विचारले, "म्हंजे औषध गेला नाय?"

"निम्मं गेलं, मावशी."

"मंग निम्मा कुठं हाय?"

चारुताबाईंनी नळीच्या झोळावर बोट ठेवले. भामा त्या बोटाकडे बघतच राहिली. काका मात्र म्हणाले, "मंग परत द्या. मी हाय तयार."

"देऊ, काका. पण आधी हे का अडकलं ते शोधू. नाहीतर पुन्हा तेच होईल."

त्यानंतर या खोलीत माझी परीक्षा सुरू झाली. किरण नसलेले रंगीत मणी आणले. पाणी सोडले की झोळात लाल गाळ साचताना सगळ्यांना दिसे. नळी आखूड केली, तेव्हा गाळ कमी झाला. कुपी अधूनमधून हलवली, पाणी एकदम न ढकलता छोट्या छोट्या धक्क्यांनी सोडले, तेव्हा आणखी कमी झाला. तरी मी दूरच्या टेबलावर असेपर्यंत थोडा झोळ राहतच होता. रुग्णाच्या कमरेशी येणारी नवी पेटी आणि तिचा स्टँड हवा होता. या वेळी चारुताबाईंनी पिच्छा सोडला नाही. पेटी मंजूर झाली, पण यायला वेळ लागला.

आणि तेवढ्यात भगवानकाकांचे डोळे पिवळे झाले.

काविळीने खचलेल्या यकृतावर किरण सोडले असते, तर उरलेलेही गेले असते. दुसरा डोस देता आला नाही. स्वानंदने ही बातमी मला हातात धरूनच ऐकली आणि मला खाली ठेवायचे विसरून तसाच उभा राहिला. भातकापणीच्या आधी काका आपल्या घरी वारले.

पुढे नवी पेटी आली. तिच्यातून पहिले औषध खारघरच्या कुमुदताईंना द्यायचे होते. त्या सकाळी भामा एकटीच आली आणि म्हणाली, "नवा काय केलाव, तो मना दाखवा."

चारुताबाई तिला या खोलीत घेऊन आल्या. नवी पेटी आणि तिची आखूड, सरळ नळी भामाने नीट पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

"माज्या मानसाच्या येलेला हा का नवता?"

"मागितलं होतं. मिळालं नाही, तेव्हा मी गप्प बसले. बसायला नको होतं."

भामा रडली नाही, आणि क्षमाही केली नाही. ती बाहेर गेली. दार उघडेच होते. बाकावर कुमुदताईंचे यजमान उदयसिंह बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"औषध दिला, असा सांगतील तुमाला. पोचला किती, तो पन इचारा."

आणि ती त्याच बाकाच्या टोकाला बसून राहिली.

दुपारी चारुताबाई बाहेर आल्या. उदयसिंह उठून उभे राहिले. "डॉक्टर, किती पोचलं?"

"जवळजवळ सगळं. नळीत नावापुरतंच उरलंय. आता गाठ काय करते, ते पुढच्या तपासणीत कळेल."

भामाने ते ऐकले. पिशवी उचलली आणि कुणाशी न बोलता ती जिना उतरून गेली.

मित्रांनो, मी एक निर्जीव पेटी. मला बोलता आले असते, तर त्या झोळाबद्दल मी रोज ओरडले असते. तुम्हाला तर बोलता येते. एखादी गोष्ट खटकली, तर ती एकदा सांगून थांबू नका. काम चालले आहे म्हणून कुणी तुम्हाला गप्प बसवले, तर पुन्हा सांगा, आणि ती दुरुस्त होईपर्यंत सांगत राहा. तिच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी माणूस आडवा पडलेला असतो.