आजीच्या नावाचे उतरते ठिपके

मी एक जुना आलेखाचा फळा आहे, मित्रांनो. नेरूळच्या एका शाळेत जिन्याखाली, मोडक्या बाकांमागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. कोणी विचारत नाही, म्हणून आपणहूनच बोलतो.

रंगाऱ्याने माझ्या काळ्या अंगावर पांढरे चौकोन आखले, तेव्हा माझी ऐट काय सांगू! गणिताच्या सुनयनाबाई मला स्वतः ओल्या फडक्याने पुसत. पुढे वर्गात स्क्रीन आला आणि माझी रवानगी इथे झाली. वाईट वाटते. पण त्याहून वाईट एका आजीचे वाटते.

बाईंनी मुलांना घरच्या दोन गोष्टी मोजून आणायला सांगितल्या होत्या. सारसोळ्याची उन्नती सुट्टीत रोज जेटीवर जायची. तिची आजी यशोदाबाई तिथे किती वेळ बसली आणि बाबांच्या होडीतून किती टोपल्या मासळी उतरली, एवढे तिने मोजून आणले. तिचे ठिपके माझ्यावर उतरणीला लागले.

"एक वाढते तशी दुसरी घटते. हा ऋण सहसंबंध," बाई म्हणाल्या आणि घंटा झाली.

पुढच्या तासाला उन्नती रडतच आली. आई बसते त्या दिवशी जाळे रिकामे येते, अशी पाल तिच्या बापाच्या, पंढरीच्या मनात आधीच चुकचुकत होती. लेकीने कौतुकाने आलेख सांगितला, तसा तो आईला म्हणाला, "आये, तू आता जेटीवर येव नको. पोरीनं शालेत मांडलंय." लग्न होऊन आल्यापासून मासळी निवडायला तिथे बसणारी म्हातारी घरी राहिली.

बाई चरकल्या. "आजी जास्त वेळ कधी बसते गं?"

"भांगाला. तेव्हा भरती छोटी असते ना, वाट कोरडी राहते. उधाणाला वाटेवर पाणी येतं, तिला चालवत नाही."

"आणि जाळं कधी भरतं?"

"उधाणाला. पाण्याला ओढ असते..." उन्नती थबकली.

बाईंनी भरतीची उंची आणि टोपल्या माझ्यावर मांडल्या. आता ठिपके वर चढले. "हा धन सहसंबंध. मासळी पाण्यामुळे कमीजास्त होते. आजीचं बसणंही पाण्यावरच. ती बसते म्हणून मासळी घटत नाही, बाळा."

उन्नतीने घरी सगळे समजावले. पंढरी वरमला, आईला परत जेटीवर न्यायला गेला. ती उठली नाही. "नको रं लेका. टोपली रिकामी आली का सगली माज्याकरंच बगतील."

मित्रांनो, ठिपके खोटे नव्हते. पण दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीवर दुसरीचा दोष ठेवू नका. आधी विचारा, तिसरे काही आहे का? माणसाला जागेवरून उठवणे सोपे असते, परत बसवणे फार कठीण.

पुढच्या भांगाला आजी जेटीवर नव्हती. मासळी तरीही कमीच आली.